तेच वळण, पण फोटो काही जुळेना

वळणवाट

बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. विषय म्हटलं तर किरकोळ, पण दोन आठवडे डोक्यातून जात नाहीये.

घरी भिंतीवर एक मोठा फोटो आहे. २००१ च्या ऑक्टोबरात मी काढलेला, सकाळचा. नदीचं एक वळण. उजव्या हाताला उंच काठ, त्यावर पॉप्लरची पाच उंच झाडं, पिवळीजर्द. डाव्या हाताला गोट्यांचा उतरता किनारा. तिथे पाण्याच्या कडेला कासवाच्या पाठीसारखा एक मोठा दगड, निम्मा पाण्यात, आणि त्यावर बाबा बसलेत, स्वेटरच्या बाह्या वर सारून, हात गुडघ्यांवर. पाण्यावर धुक्याचा पातळ पापुद्रा. नदी पुढे डावीकडे वळून दिसेनाशी होते आणि तिच्यामागे लांबवर एक टेकडी, माथ्याला खाच पडलेली. फिल्मचा जमाना होता. छोटी प्रिंट कधीच हरवली. तेव्हा हौसेनं मोठा करून आणलेला हा एवढाच उरला.

त्यानंतर तिथे जाणं झालं नाही. यंदाच्या शरदात ठरवून गेलो. एकटाच, कारण बाबांच्या गुडघ्यांना आता तेवढी चाल झेपत नाही. मनात एवढंच होतं की त्याच जागी उभं राहून तोच फोटो काढायचा आणि घरी नेऊन त्यांना दाखवायचा.

पुलापासून काठाकाठानं वर वीसेक मिनिटं चाललं की वळण येतं, हे पायांना पाठ होतं. वळण आलं, पण पॉप्लर डावीकडे! तसाच पुढे गेलो, वळण ओलांडलं आणि मागे पाहिलं. आता पॉप्लर उजवीकडे, गोटे डावीकडे, नदीही पुढे डावीकडे वळलेली. म्हटलं, तेव्हा इथूनच काढला असणार. पण दगड नाही. टेकडी नाही, नुसती सपाट शेतं. पाचातले तीनच पॉप्लर उरलेले. दीड तास मागेपुढे करत राहिलो. दिवस ढगाळ, पानंही अजून निम्मी हिरवीच. काठाला मळकट पांढरा फेस साचलेला, आणि एका झाडाखाली तर हिरव्यागार पानांचा सडा. झाडाला रोग लागलाय की काय कोण जाणे.

परक्या घरात आपलंच सामान मांडून ठेवलेलं दिसावं तसं वाटलं. फोटो न काढताच परतलो.

नदी एवढी बदलते का हो? की मीच चुकलो? जागेचं नाव मुद्दाम देत नाहीये, राग मानू नका. भिंतीवरच्या फोटोचा फोटो खाली जोडलाय.

सहज_एक

आवडत्या जागी परत जाऊ नये, या मताचा मी आहे. फोटो सुंदर आहे, भिंतीवर आहे, झालं की. आता तुमच्याकडे त्या जागेच्या दोन आठवणी झाल्या आणि दुसरी पहिलीला खाणार.

टिवल्याबावल्या

'एकाच नदीत दोनदा पाय घालता येत नाही' हे वाक्य जो पहिल्यांदा टाकेल त्याला त्याच नदीत दोनदा बुडवण्यात येईल. आधीच सांगून ठेवतो.

शंकासुर

आधी एक शंका. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पानं गळतात ती शिशिरात, माघ-फाल्गुनात. तुम्ही 'शरदात' म्हणताय आणि पिवळी पानं दाखवताय. सरळ 'पानगळ' म्हणा.

आता फोटोबद्दल. धुकं आहे म्हणजे सकाळ. उजेड डावीकडून येतोय म्हणजे पूर्व डावीकडे. म्हणजे कॅमेऱ्याचं तोंड दक्षिणेला. तुम्ही वळण ओलांडून मागे पाहिलंत तेव्हा तोंड कुठे होतं? दक्षिणेला असेल तर जागा तीच. टेकडी वाढलेल्या झाडांआड गेली असणार. विषय संपला.

वळणवाट

हो, दक्षिणेलाच होतं. म्हणजे जागा बरोबर. पण समोर टेकडी लपवेल एवढी झाडं नाहीत हो.

रानजाई

शंकासुर, महिने जुळतात पण घटना जुळत नाही, म्हणून हा घोळ होतो. थंड प्रदेशात उत्तर गोलार्धात सप्टेंबर ते नोव्हेंबर हीच पानं रंगण्याची आणि झडण्याची वेळ. दक्षिण गोलार्धात मार्च ते मे. मला स्वतःला 'पानगळीचा शरद' म्हणायला काही अडचण वाटत नाही. चला, झाडांकडे.

ती हिरवी पानं पाहून घाबरू नका. ते झाड बहुधा आल्डर. नदीकाठी, मुळं जवळजवळ पाण्यात, छोटी शंकूसारखी काळपट फळं फांद्यांवर टिकून राहिलेली. तशी दिसली का? बाकीची झाडं पान टाकण्याआधी त्यातलं हरितद्रव्य मोडून नायट्रोजन खोडाकडे परत ओढून घेतात. घर सोडताना भांडीकुंडी गोळा करावीत तसं. आल्डरच्या मुळांवर गाठी असतात, त्यात फ्रँकिया नावाचे जिवाणू राहतात आणि ते हवेतला नायट्रोजन झाडाला पुरवतात. घरात एवढी आवक असल्यावर जुनी भांडी कोण बांधून नेतं? आल्डर पान हिरवंच टाकून देतो.

तुमच्या जुन्या फोटोतही कडेला एक गडद हिरवं झाड आहे, बाकी सगळं पिवळं असताना. तोच असावा.

रंग अर्धवट का, याचं उत्तर तारखेत आहे. पॉप्लरचा पिवळा रंग काही शरदात तयार होत नाही. कॅरोटिनॉइड, म्हणजे पिवळी रंगद्रव्यं, पानात उन्हाळाभर असतातच, हिरव्याखाली दबलेली. दिवस लहान व्हायला लागले की झाड हरितद्रव्याची भर घालणं थांबवतं आणि खालचा पिवळा वर येतो. लाल रंगाचं वेगळं. अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य पानात साठलेल्या साखरेपासून तेव्हाच नव्यानं बनतं. त्याला स्वच्छ ऊन आणि गार, पण न गोठणाऱ्या रात्री लागतात. त्यामुळे लाल एखाद्या वर्षी नुसता पेटतो आणि एखाद्या वर्षी विझल्यासारखा असतो. पिवळा त्या मानानं भरवशाचा, पण उबदार वर्षी उशिरा येतो. तुम्ही दोन-तीन आठवडे लवकर गेलात, एवढंच.

कोरापान

तुमचे तीन तरी उरले. माझ्या आवडत्या काठावरची पॉप्लरची अख्खी रांग कापून नेली. लाकडासाठीच लावलेली होती म्हणे. मी गेलो तेव्हा नुसते बुंधे. त्यानंतर तिकडे फिरकलो नाही.

अंधारखोली

कोरापान, यावरून फ्रेंच चित्रकार मोने आठवला. १८९१ साली तो एप्त नदीकाठच्या पॉप्लरची चित्रं करत होता, एकाच वेळी कितीतरी कॅनव्हास मांडून. उजेड बदलला की पुढचा कॅनव्हास. चित्रं अर्धी असताना गावानं ती झाडं लिलावात काढली. मोनेनं काय करावं? एका लाकूड व्यापाऱ्याशी भागी केली आणि स्वतःचे पैसे घातले, अट एवढीच की चित्रं पुरी होईपर्यंत झाडं उभी राहावीत. झाली चित्रं, मग गेली झाडं.

मूळ धाग्याबद्दल: फोटो मोठा करून बघतोय, थोडा वेळ द्या. सावल्यांमध्ये काहीतरी खटकतंय.

पाणकावळा

फेसापासून सुरुवात करतो. फेस दिसला की लोक प्रदूषण म्हणून मोकळे होतात. कधी ते खरंही असतं. साबणासारखा वास आला, दिवसेंदिवस पांढराशुभ्र टिकून राहिला तर शंका घ्यावी. पण शरदात पाण्यात पानं कुजतात, त्यातून निघणारे पदार्थ पाण्याचा पृष्ठताण कमी करतात, आणि खळखळाटात हवा मिसळली की फेस होतो. मळकट, मातीच्या वासाचा. त्यात एक मौज आहे. पाण्यात पडलेल्या पानांवर विशिष्ट बुरशा वाढतात आणि त्यांचे बीजाणू या फेसात अडकतात. चार टोकांचे, चांदण्यांसारखे. इंगोल्ड नावाच्या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १९४२ साली त्यांचं नीट वर्णन केलं. ही बुरशी चढून पान मऊ पडलं की पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या ते कुरतडतात, त्या अळ्यांवर मासे. वरच्या अंगाच्या, झाडीतून वाहणाऱ्या ओढ्यांचं तर निम्मंअधिक पोट या पडलेल्या पानांवर चालतं. तुम्हाला जो मळकट फेस दिसला ते त्यांचं स्वयंपाकघर.

आता वळण. नदी बदलते का? बदलते, पण मनाला येईल तशी नाही. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाण्याचा जोर, तिथे काठ कापला जातो, उंच कडा राहते. आतल्या बाजूला पाणी मंद, तिथे गाळ-गोटे टाकले जातात. कपातला चहा ढवळला की पत्ती कडेला न जाता मधोमध गोळा होते ना, त्याच आतल्या प्रवाहामुळे. आइन्स्टाइननं १९२६ साली या चहापत्तीवर आणि नद्यांच्या वळणांवर एक छोटा निबंध लिहिला होता. तुमचे पॉप्लर कापणाऱ्या बाजूवर उभे आहेत. पाचातले दोन बहुधा काठासकट पाण्यात गेले. शाळेत शिकलेलं कुंडलकासार, म्हणजे नदीपासून तुटलेल्या वळणाचं तळं, हे याच कापाकापीचं शेवटचं टोक, पण त्याला तेवीस वर्षं सहसा पुरत नाहीत.

म्हणजे दगड वाहून गेला असं धरू नका. तो आतल्या बाजूला होता. तिथे नदी भर घालते. दगड गाडला गेला असेल आणि पाणी त्याच्यापासून लांब सरकलं असेल. अशा नव्या गोट्यांवर विलो आणि पॉप्लरची रोपं फार लवकर येतात, कारण त्यांचं बी थोडे दिवसच जगतं आणि त्याला ओली उघडी जमीनच लागते. कोवळ्या विलोंची झुडपं दिसली का? त्यांच्या आत शोधा.

आणि एक प्रश्न. फोटोत दगडाच्या पलीकडच्या अंगाला पानांचा गठ्ठा अडकलेला दिसतोय आणि अलीकडे फेसाची शेपटी ओढली गेलीय. वाहती पानं दगडाला अडकतात ती नेहमी पाणी येतं त्या बाजूला. म्हणजे फोटोत पाणी कॅमेऱ्याच्या दिशेनं येतंय. तुम्ही दक्षिणेला तोंड करून उभे होतात तेव्हा पाणी कुठे चाललं होतं?

वळणवाट

अं... माझ्यापासून लांब. मी वळणाच्या वर होतो, पूल खाली दक्षिणेला. पाणी पुलाकडे जातं.

आता तुम्ही विचारताय म्हणून सांगतो. घरी आल्यावर बाबा म्हणाले होते, "पाणी तर तुझ्याकडे येत होतं, माझ्या पाठीवर गार वाफ येत होती." त्यांना हल्ली विसरायला होतं, म्हणून मी ते कानाआड केलं.

विलोंची दाट झुडपं आहेत, हो. आणि नकाशात पाहिलं, खाचेची टेकडी आहे, पण उत्तरेला. म्हणजे माझ्या पाठीमागे. त्या दिवशी ढगात होती.

शंकासुर

मग दुसरी टेकडी असेल. उजेडाचं काय करताय? उत्तरेला तोंड केलं तर सकाळचा उजेड उजवीकडून यायला हवा. फोटोत डावीकडून येतोय. मग फोटो संध्याकाळचा म्हणा.

पाणकावळा

संध्याकाळी असं धुकं? रात्रभर आभाळ मोकळं असलं की जमीन आणि हवा गार पडते, पण पाणी उन्हाळ्याची ऊब लवकर सोडत नाही. गार हवा त्यावर आली की पाण्याची वाफ थिजते. ही पहाटेची गोष्ट. सूर्य वर आला की तास-दोन तासांत विरते.

अंधारखोली

सापडलं. शंकासुर, तुम्ही उजेड डावीकडून येतोय एवढंच पाहिलंत. सावल्या बघा. दगडाची सावली उजवीकडे जातेय, पण थोडी कॅमेऱ्यापासून *लांब*. ऑक्टोबरात सूर्य नेमक्या पूर्वेला उगवत नाही, दक्षिणेकडे सरकलेला असतो. दक्षिणेला तोंड असतं तर सूर्य थोडा समोर आला असता आणि सावल्या कॅमेऱ्याकडे आल्या असत्या. इथे सूर्य फोटोग्राफरच्या पाठीशी आहे. म्हणजे तोंड उत्तरेला. टेकडी उत्तरेला. पाणी अंगावर येणारं. सगळं जुळतं, फक्त डावं-उजवं सोडून.

वळणवाट, एक सांगा. तुमचे बाबा डावखुरे आहेत का?

वळणवाट

नाही. का?

अंधारखोली

फोटोत घड्याळ उजव्या मनगटावर आहे.

टिवल्याबावल्या

🙏 मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

वळणवाट

थांबा. थांबा. बाबांचं घड्याळ कायम डाव्या हातात असतं.

अंधारखोली

मोठा करताना निगेटिव्ह उलटी लागली. मी वीस वर्षं फोटो धुण्याच्या खोलीत लाल दिव्याखाली घालवली आहेत, माझ्या हातूनही झालंय हे. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत आणि एक मंद असते, घाईत उलटसुलट होतं. माणसं, दुकानाच्या पाट्या असल्या की लगेच कळतं. नदीला कसली पाटी?

निगेटिव्ह असेल तर काढा. कडेचे आकडे आणि अक्षरं सरळ वाचता येतील अशी उजेडासमोर धरा. तेव्हा दिसेल ते खरं.

वळणवाट

*(दुसऱ्या दिवशी)*

कपाटाच्या वरच्या खणात, लग्नाच्या आल्बमखाली, पट्टी सापडली. आकडे सरळ धरले. पॉप्लर डावीकडे.

म्हणजे मी पहिल्यांदा पोचलो तेव्हा अगदी बरोबर जागी उभा होतो, आणि 'हे नव्हे' म्हणून पुढे निघून गेलो. तेवीस वर्षं रोज येताजाता तो फोटो बघितला. जागा एकदाच पाहिलेली. शेवटी आठवणीतली नदीसुद्धा फोटोप्रमाणेच वळायला लागली.

शंकासुर

उजेडाबाबतचं माझं विधान मागे घेतो. 'पानगळ' मागे घेत नाही.

सहज_एक

मीही मत थोडं बदलतो. परत जायला हरकत नाही, पण फोटो घरी ठेवून जावं.

अंधारखोली

उलट, यावेळी घेऊनच जा, सरळ केलेला! जुन्या फोटोची जागा शोधायची एक रीत आहे. अमेरिकेत मार्क क्लेट आणि त्याच्या साथीदारांनी १९७७ ते १९७९ या काळात पश्चिमेकडच्या एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षणाच्या फोटोंची ठिकाणं हुडकून तिथूनच पुन्हा फोटो काढले, ते याच पद्धतीनं. फोटोत एक जवळची आणि एक लांबची अशी जोडी निवडा, उदाहरणार्थ दगडाची कड आणि टेकडीची खाच. तुम्ही उजवीकडे सरकलात की जवळची वस्तू लांबच्या वस्तूच्या डावीकडे जाते. दोन्हींमधलं अंतर फोटोइतकं होईपर्यंत सरका. मग कडेची दुसरी जोडी घ्या. दोन्ही जोड्या जुळल्या की पाय त्याच जागी.

आणि तारीख सांभाळा. विषुवदिनाच्या आसपास, म्हणजे २२-२३ सप्टेंबरच्या मागेपुढे, सूर्य रोज सुमारे ०.४ अंश दक्षिणेकडे सरकतो. जवळजवळ त्याच्या स्वतःच्या बिंबाएवढा. ऑक्टोबरातही फारसा कमी नाही. दोन आठवडे चुकलात तर सावल्या वेगळ्या पडतील.

कोरापान

वळणवाट, ध्रुवण फिल्टर (भिंगावर लावायची, चकाकी कापणारी काच) नेऊ का, तेही विचारून घ्या. (मलाही हवंय उत्तर. बुंध्यांकडे एकदा जाऊन येईन म्हणतो.)

अंधारखोली

न्या, पण जपून. ओल्या पानांवरची चकाकी जाते आणि पिवळा गच्च होतो, हे खरं. पण पाण्यातलं प्रतिबिंबही पुसलं जातं. पॉप्लरचं अर्धं सौंदर्य पाण्यात असतं. फिरवून बघा, अर्ध्यावर थांबा.

वळणवाट

*(अठरा दिवसांनी)*

जाऊन आलो. आदल्या रात्री आभाळ स्वच्छ होतं, वारा नाही. पुलावर पोचलो तेव्हा धुकं एवढं की पाण्याचा नुसता आवाज. वळणापाशी बसून राहिलो. साडेसातच्या सुमाराला आधी टेकडीची खाच वर आली, मग पॉप्लरचे शेंडे, तीनच, पण पिवळे म्हणजे असे की आतून दिवा लावलाय. आल्डर हिरवाच, खाली हिरवा सडा. रानजाई, ती काळी शंकूसारखी फळं आहेत. म्हणून तोच.

पाणकावळा, दगड सापडला! विलोंच्या झुडपात, पाण्यापासून पंधरा-सोळा पावलांवर, फक्त पाठ वर. हातानं गोटे उकरले तेव्हा खात्री पटली, डाव्या कडेची चीर तीच. त्यावर आता बसायचं म्हणजे मांडी घालूनच. आणि एक गोष्ट तुम्ही सांगितली नव्हती. बरेच दिवस पाऊस नाही, तरी पाणी गेल्या खेपेपेक्षा थोडं जास्त वाटलं.

दगड-खाच ही जोडी जुळवली. मला तीन पावलं मागे आणि दोन डावीकडे जावं लागलं. फोटो खाली टाकलाय, शेजारी जुना, सरळ केलेला.

पाणकावळा

व्वा! पाण्याचं निरीक्षण झकास. पानं गळायला लागली की झाडं जमिनीतलं पाणी ओढायचं कमी करतात. उन्हाळाभर जे पानांतून हवेत जात होतं ते ओढ्या-नद्यांकडे झिरपतं. पाऊस नसताना पाणी किंचित चढतं ते त्यामुळे.

रानजाई

दोन्ही फोटो शेजारी बघून गंमत वाटली. विलो किती वाढलेत! आणखी दहा वर्षांनी त्या जागेवरून नदी दिसायचीच नाही.

टिवल्याबावल्या

घरी काय म्हणाले ते सांगा ना. बाकीचं जाऊ दे.

वळणवाट

बाबांनी दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले. मला वाटलं आता पॉप्लरबद्दल काही बोलतील. तर म्हणाले, "एवढी वर्षं माझा भांग चुकीच्या बाजूला होता आणि घरात एकालाही दिसलं नाही?"

आई आतून म्हणाली, "मला दिसला होता की. म्हटलं, नदीवर आरसा कुठला असायला."